फुटकं मडकं आणि तुमच्या झडत्या

प्रिय बाबा,

‘प्रिय’ लिहावं लागते म्हणून लिहिलं. तुमची तेरवी झाल्याबरोबर मी पांढुर्ण्याहून गाडी पकडली अन् इकडे गुजरातला, टाइल्सच्या कारखान्यात परत आलो. तुमच्याशी बोलायचंच नव्हतं. पण परवा राणीचा फोन आला. तिची दहावीची बोर्डाची परीक्षा तोंडावर आहे अन् पोरगी म्हणते, “दादा, मी परीक्षेले बसत नाही. माहं डोकं बी फुटकं मडकंच हाय.”

फुटकं मडकं! हा शब्द कोणाचा, बाबा?

मी नववीत नापास झालो तेव्हा मारुतीच्या पारावर, साऱ्या गावासमोर तुम्ही म्हणाले होते, “याचं डोकं म्हंजे फुटकं मडकं. कितीबी भरा, राहतच नाही.” लोक हसले. तिगावच्या स्टेशनापर्यंत पोरं मला मडकं म्हणायची. मी शाळा सोडली, गाव सोडलं, नागपूरही सोडलं. कुठेच टिकलो नाही. अन् जाता जाता तेच मडकं तुम्ही माझ्या बहिणीच्या डोक्यावर ठेवून गेले!

तुमच्या लेखी अभ्यास म्हणजे काय? आवाज! ओसरीत पुस्तक उघडून बसायचं अन् मोठ्याने वाचायचं. तुम्ही गोठ्यात बैलांना कुटार टाकायचे. आवाज थांबला की ओरडायचे, “झोपला का बे?” अन् हातातली काठी घेऊनच यायचे. मग मी शिकलो. न थांबता आवाज करायला शिकलो. घरात मराठी, मध्य प्रदेशातल्या शाळेचं पुस्तक हिंदी, अर्धं तर समजतच नव्हतं. तोंड चालायचं अन् मन बोरीच्या झाडावर. पेपरात धड्याची चाल आठवायची, धडा नाही. पान डोळ्यांसमोर यायचं, कोपऱ्यातलं चित्रसुद्धा यायचं, फक्त लिहिलेलं काही दिसायचं नाही.

राणीचंही तेच. मी म्हटलं, “पुस्तक बंद कर अन् आत्ता वाचलं ते सांग.”

पुस्तक पुन्हा उघडल्याचा आवाज आला.

“सांग ना वं.”

“कितीक डाव वाचलं दादा, काहीच नाही येत.” अन् रडायला लागली.

तिला हसवायला म्हणून मी तुमची पोळ्यात म्हणायची झडती काढली. “आभाळ गडगडे, कापूस बोंडात दडे...” एवढं म्हणून थांबलो. रडता रडताच ती बोलली, “पाटलाचा बैल पाहा चिखलात अडे, हर बोला हर हर महादेव!” एक शब्द चुकला नाही.

तेव्हा माझं डोकं फिरलं, बाबा.

पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हणण्यात तुमच्यासमोर बोरगावपर्यंत कोणी टिकत नव्हता. एकही कधी तुम्ही वाचली नाही. मग पाठ कशा झाल्या? मी बैलबंडीत मागे बसून पाहिलं आहे. शेतात जाताना तुमच्या बाजूला बसलेले शामरावकाका एक ओळ टाकायचे, पुढची तुम्ही म्हणायची. अडले की काका लगेच सांगत नव्हते. “बैलाले येते, तुले नाही येत बे?” म्हणून हसायचे. तुम्ही डोकं खाजवायचे, चुकायचे, नाहीच जमलं तर मग ते सांगायचे. संध्याकाळी परतताना तीच पुन्हा. अन् काही दिवसांनी, संत्र्याला पाणी देता देता, अचानक पुन्हा!

म्हणजे आठवण कशी पक्की होते ते तुमच्या बंडीतच होतं. मग माझ्या वाट्याला काठी काहून? तुम्हाला वाचता येत नव्हतं, असं आई म्हणते. पण विचारायला वाचता यावं लागते का? एकदा तरी पुस्तक मिटून म्हणायचं होतं, “सांग बे, काय वाचलं?” तुम्ही मडकं भरतच राहिले. कधी ओतून पाहिलंच नाही!

आता जेवणाच्या सुट्टीत मी रोज फोन करतो. राणी पुस्तक मिटते अन् आपल्या बोलीत सांगते, झाडाचं पान उन्हात आपलं जेवण कसं करते ते. अडली तर मी सांगत नाही. मला येते कुठे? “आधी आठव, मंग पाहा,” एवढंच म्हणतो. काल मधातच जुना धडा विचारला तर भडकली, “ओ नववी नापास मास्तर, सांगून विचारत जा ना!”

“पेपर काय तुले सांगून विचारन?”

अर्धा विसरली होती. पुस्तकात पाहिलं, अन् आज तोच धडा धडाधड सांगितला.

आईची कुरकुर वेगळीच. “घरात आवाजच नाही. पोरगी अभ्यास करून राहिली का मोबाइल पाहून राहिली? तुहे बाबा असते तं...”

“नाहीत तेच बरं,” मी म्हटलं. फोन ठेवल्यावर वाईट वाटलं का? ते तुम्हाला सांगत नाही.

राणी पास होईल की नाही, मला माहीत नाही. पण परीक्षेला बसते म्हणते. म्हणून वचन देतो. आपल्या घरात यापुढे कोणाच्या डोक्याला मडकं म्हणू देणार नाही, आईलाही नाही. अन् यंदा पोळ्याला गावी येईन. तोरणाखाली, त्याच पारासमोर, तुमची झडती अर्धी म्हणून सोडून देईन. पुढची राणी म्हणेल. पोरी झडत्या म्हणत नाहीत, असं कोणी म्हटलं तर त्याच्याशी मी पाहून घेईन.

तुम्ही वर काठी घेऊन बसा. आवाज येईल.

तुमचाच,
गजानन