काडेपेटीतलं टोक

कोनाबारी, गाजीपूर
सोमवार

प्रिय पापिया,

तुम्ही या लाइनच्या सुपरवायझर का, असं तू मला आज पन्नास बायकांसमोर विचारलंस. तुम्ही. तीन वर्षं माझ्या ताटातला पाण्यात भिजवलेला शिळा पांताभात खाल्लास, माझ्या ओढणीला तोंड पुसलंस, आणि आज मी तुम्ही झाले. शेजारी मोतालिब साहेब उभे होते हे मला दिसत होतं, मी काही खुळी नाही. परदेशच्या दुकानांसाठी माल तपासायला आलेली बाई फॅक्टरीतल्या बाईच्या गळ्यात पडली, तर उद्या तिच्या सहीला कोण विचारणार. पण डोळ्यांनी तरी ओळख द्यायचीस. तू गेल्यावर माझ्या लाइनवरची फिरोजा म्हणाली, "आपा, ही तीच का, जिच्या फोटोवरची धूळ तू रोज पुसतेस?" मी म्हटलं, नाही, ती मेली. रागात म्हटलं. तुला माझं आयुष्य लाभो.

चार वेळा फोन केला, तू उचलला नाहीस, म्हणून हे लिहायला बसले. उद्या सकाळी तुझ्या ऑफिसात नमुन्यांची पिशवी जाईल, तिच्यात उशीची एक खोळ आहे, हे कागद त्या खोळीत घालणार आहे. खोळ असो की कॉलर, उलटी करून सगळे कोपरे बोटाने बाहेर काढल्याशिवाय तू ती खाली ठेवत नाहीस. ती सवय मीच लावलीय. तुझ्याआधी दुसऱ्या कुणी ती उलटी केली तर माझं नशीब. अक्षर वाईट आहे, पण कटिंगच्या कागदावर खडूने दर शुक्रवारी सुट्टीला गिरवून घेणारी मास्तरीण तूच होतीस, तेव्हा ते तुझ्या पदरात.

इकडे सगळं आहे तसंच आहे. आपल्या खोलीमागच्या फणसाला यंदा अकरा फणस लागले, घरमालकाने अकराही मोजून ठेवलेत. माझे गुडघे जिन्यात बोलतात. फॅक्टरीत शर्ट बंद झाले. ते काम दुसऱ्या देशात गेलं म्हणे. आता लहान बाळांच्या दुलया, झबली, उशांच्या खोळी. तू आज हात फिरवलास त्याच दुलया, पिवळ्या, त्यांच्यावर बदकं. शर्ट शिवून हात बसलेल्या बायकांना दुलई कुठली जमते. वर कापड, खाली कापड, मधे कापूस. मशिनीवर घेतली की अंगावर येते, मांजर आंघोळीला धरावं तशी धरावी लागते. आणि सुई लागते एकवीस नंबरची, जाड. मोडली की जोरात उडते.

सुई मोडली की काय करायचं, ते तुला मी सांगायला नको. मशीन बंद करायची, सगळे तुकडे शोधायचे, रजिस्टरच्या पानावर जोडून चिकटपट्टीखाली लावायचे. सुई पूर्ण दिसली तरच नवी मिळते. एक टोक जरी सापडलं नाही तरी त्या जागेवरचा सगळा माल बाजूला काढायचा आणि लाइन थांबवायची.

तुला तुझी पहिली सुई आठवते का गं? कुडीग्रामहून येऊन महिना झाला होता तुला, कागदावर अठराची, अंगाने चौदाची. शर्टाच्या कॉलरवर सुई मोडली आणि टोक काही सापडेना. तू मशीनखाली शिरून रडत बसलीस. लाइन थांबली असती तर त्याच दिवशी तुला फाटकाबाहेर काढलं असतं. माझ्या ओढणीच्या गाठीत एक जुनं टोक होतं, कशाला ठेवलं होतं देव जाणे. ते तेव्हाच्या सुपरवायझरपुढे केलं आणि म्हटलं, "हे घ्या, सापडलं." जुळलं. सगळ्या शर्टांच्या सुया चौदा नंबरच्याच, न जुळायला काय झालं. त्या दिवसापासून मी काडेपेटीत टोकं जमवायला लागले. खरी टोकं कधी कधी दोन-दोन दिवसांनी कुठेतरी सापडायची, ती टाकायची नाही, पेटीत ठेवायची. किती पोरींच्या नोकऱ्या त्या काडेपेटीने वाचवल्या, मी मिरवायचे. आणि तुझं खरं टोक तिसऱ्या दिवशी तुझ्याच टाचेत सापडलं. लंगडत होतीस, सांगत नव्हतीस. मी चिमट्याने काढलं. तू माझा दंड चावलास, तो व्रण अजून आहे.

आता गेल्या गुरुवारचं ऐक. सकाळीच मोतालिब साहेबांना तुझ्या ऑफिसातून फोन आला. पुढच्या गुरुवारी माल चट्टग्राम बंदरात पोचला नाही, तर पुढचं काम व्हिएतनामला जाईल. फोन तूच केला होतास, साहेब तुझं नाव घेऊन ओरडत होते. तुलाही वरून कुणीतरी ओरडलं असेल, तुमच्यातही वरून खालीच पाणी वाहतं. साहेब दर तासाला माझ्या मागे येऊन उभे राहायला लागले. दुपारी फिरोजाची सुई मोडली. वरचा तुकडा मशिनीत राहिला, टोक गेलं. आम्ही दोघींनी फरशी हाताने पुसली, तिचे केस झाडले, लोहचुंबक फिरवलं. नाही. तिच्या पुढ्यात साठ दुलया होत्या. साहेब लांबून विचारत होते, काय थांबलंय तिकडे. मी म्हटलं, "काही नाही साहेब, दोरा तुटला." आणि काडेपेटीतलं एक टोक काढून रजिस्टरला लावलं. साठ दुलया पुढे गेल्या आणि सगळ्या मालात मिसळल्या.

तू म्हणशील, शेवटी पट्ट्यावरचं यंत्र आहे, लोखंड असलं की ओरडतं. ओरडत होतं. पण साहेबांनी दुलईच्या कोपऱ्यांना स्वस्तातली चापबटणं आणली, त्यात लोखंड, मग यंत्र प्रत्येक दुलईला ओरडायला लागलं. म्हणून यंत्राचाच कान पिळून ठेवलाय, बारीक लोखंड त्याला आता ऐकूच येत नाही. आज तुझ्यासमोर त्याच्यावर तपासणीची पट्टी टाकली तेव्हा ते ओरडलं ना? ती पट्टी जाड तारेची होती, खरी नव्हती. बारीक तारेची खरी साहेबांच्या खणात आहे.

चार दिवस मी स्वतःला समजावतेय. टोक फरशीच्या फटीत गेलं असेल. झाडूबरोबर गेलं असेल. कापसात गेलं असेल तरी तिथेच रुतून बसेल. असंच समजावत होते आजपर्यंत. तुझ्या वेळी टोक तुझ्या टाचेत होतं, तू लंगडलीस म्हणून मला कळलं. आता कुणाच्या टाचेत शोधू, पापिया? त्या दुलईवर जे निजणार, त्याला अजून टाच टेकवताही येत नाही.

आणि म्हणून मला तुझ्या तुम्हीचा राग नाही. तो मी वर मांडला, कारण खरं लिहायला हात वळत नव्हता. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. तू रजिस्टर उघडलंस, गुरुवारच्या पानाशी आलीस आणि चिकटपट्टीवर बोट ठेवलंस. वरचा तुकडा एकवीस नंबरचा, खाली टोक चौदाचं. काडेपेटीत दुलईच्या सुईचं टोक येणार कुठून, दुलया आम्ही पहिल्यांदाच शिवतोय. एवढी साधी गोष्ट मला घाईत सुचली नाही. तुला मात्र दिसली. बोट थांबलं, मान वर झाली, माझ्याकडे बघितलंस. ओळख दिलीस ती तेवढीच. आणि पान उलटून साहेबांना म्हणालीस, "रजिस्टर ठीक आहे."

माझ्यासाठी केलंस ना ते? तुझी सुई मी झाकली, माझी तू झाकलीस, हिशेब मिटला, असं वाटलं असेल तुला. मिटत नाही गं असा. मला तुझे हे उपकार नकोत. माझं वय सेहेचाळीस, इथून काढलं तर पस्तिशीपुढच्या बाईला दुसरी फॅक्टरी फाटकातही उभी करत नाही, हे मला माहीत आहे. मोतालिब साहेब माझ्याबद्दल काय काय बोलतील तेही माहीत आहे. फिरोजाचं नाव मात्र कुठे येऊ देऊ नकोस. तिने टोक हरवल्याचं मला लगेच सांगितलं होतं. पुढचं सगळं माझं.

मी आजच सरळ तुझ्या ऑफिसात येऊन बोलले असते. पाय निघाले होते, बसच्या थांब्यापर्यंत जाऊन परत आले. मी आधी तोंड उघडलं तर पहिला प्रश्न तुलाच विचारतील, की सोमवारी हे पान तूच बघितलंस ना. मग तूही गेलीस. म्हणून हे पत्र. तू आधी बोल. म्हण, घरी जाऊन विचार केला, सुई जुळत नव्हती असं वाटतं, माल थांबवा. सगळी खोकी उघडायला लाव, चापबटणं काढायला लाव, यंत्राचा कान सरळ करायला लाव, तुझ्या ऑफिसातली बारीक तारेची पट्टी घेऊन ये आणि एक एक दुलई पट्ट्यावरून जाऊ दे. उशीर होईल, माल विमानाने पाठवावा लागेल, साहेब छाती बडवतील. बडवू दे. कुणी टोक बदललं विचारलं तर माझं पूर्ण नाव सांग, मोमेना खातून, आणि त्या वेळी तुम्ही म्हणालीस तरी चालेल. बुधवारी संध्याकाळी खोकी गाडीत चढणार. बुधवारी दुपारच्या नमाजाच्या आत मला तुझा फोन आला पाहिजे, माल थांबवला एवढेच दोन शब्द. नाही आला तर ऊन कलायच्या आत मी तुझ्या ऑफिसच्या दारात असेन, काडेपेटी घेऊन.

तुझीच, जिने तुझ्या टाचेतून टोक काढलं ती,
मोमेना आपा