घोडं पाऊल ऐकतं

दादा,

तुमचा खोकला कसा आहे? तिथे तरी विडी सुटली, की आई अजून बंडल लपवते आणि तुम्ही बरोबर शोधून काढता? आईचे गुडघे काय म्हणतात? आजीला सुईत दोरा ओवता येतो का आता? आणि आपला तांबडा घोडा, तो चारही पायांवर नीट उभा असतो ना? इथे सगळे बरे आहेत. सूनबाईची पाठ धरली होती, सुटली. नातवाचा पुढचा दात पडलाय, त्यामुळे हसला की अगदी पणजोबांसारखा, म्हणजे तुमच्यासारखा दिसतो. माझं म्हणाल तर शेवटी सांगतो.

आपली परळची चाळ गेली, तिथेच आता उंच इमारत झालीये आणि आपल्याला वरच्या मजल्यावर घर मिळालंय. लिफ्ट आहे, जिना चढावा लागत नाही. तुमच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या, मी मात्र अजून घोड्यांतच आहे. वरळीकडच्या एका तबेल्यात शर्यतीत पाय दुखावलेले घोडे येतात. आधी डॉक्टर मॅडम त्यांची फिजिओथेरपी करतात, म्हणजे शेक, मालिश, कसलीकसली यंत्रं. नस भरून आली की पुढचं काम माझं: घोड्याला पुन्हा चालायला शिकवायचं. तुम्ही हसाल हे मला माहीत आहे. "मग माशाला पोहायला कोण शिकवतं रे?" असंच म्हणाल. पण दादा, दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसंच घोड्याचंही असतं. दुखणं जातं, भीती पायात राहते. म्हणून आधी सपाट जमिनीवर सरळ चालवायचं, मग जमिनीवर बांबू आडवे ठेवून एकेक पाय उचलायला लावायचा, गाजर दाखवून मान दोन्ही अंगाला वळवायची, आणि सगळ्यात शेवटी दुडकी. हे कुठल्या शाळेत शिकलो नाही. थोडं मॅडमनी सांगितलं, थोडं तुमचं बघून ठेवलेलं, बाकीचं घोड्यांनीच लाथा घालून शिकवलं.

यंदा एक काळी घोडी आली. पुढच्या उजव्या पायाची नस गेलेली. गुणी जनावर, बांबू ओलांडताना कान असे टवकारायची जणू परीक्षेलाच बसलीये. नस भरून आली, सूज गेली, सोनोग्राफी साफ आली, तरी चालताना मध्येच अडखळायची. दोन पावलं सरळ, तिसरं दबकत. मॅडम म्हणायच्या, "काका, यंत्रात काही दिसत नाही, पण चालीत दिसतंय. आत काहीतरी असणार." मालक आले, बघून गेले. जाताना म्हणाले, "पुढच्या तपासणीलाही अशीच चालली, तर मग बघू," आणि बोलताना भिंतीकडे बघत होते. आमच्या धंद्यात तो 'बघू' म्हणजे शेवटची सुई, हे सगळ्यांना कळतं. मी घरी आलो आणि जेवण गेलं नाही.

कारण तुमची ती संध्याकाळ डोळ्यांपुढे होती. आई भाकरी थापतेय, मी चुलीपाशी बसलोय, आणि तुम्ही दारात. खांद्यावर नुसता लगाम. तांबडा चौपाटीपाशी ओल्या रस्त्यावर घसरून पाय मोडून बसला होता. तुम्ही लगाम खिळ्याला अडकवलात, हात धुतलेत, पानावर बसलात आणि तसेच उठलात. आईने तुमचं ताट झाकून ठेवलं. तेव्हा पाय गेलेल्या घोड्यासाठी कोण थांबत होतं?

तपासणीच्या सकाळी मी घोडी चालवत होतो, मॅडम मागून मोबाईलवर आमचं चालणं टिपत होत्या. पुन्हा तेच. दोन पावलं सरळ, तिसरं दबकत. मी दोरी धरून मान खाली घातली. मॅडमनी फोन माझ्यापुढे धरला. "काका, घोडीचं राहू द्या. तुमचे पाय बघा." त्यात नुसते पाय दिसत होते, माझे दोन आणि तिचे चार. आणि आवाज. माझा उजवा बूट मातीवर घासत येत होता, आणि त्या प्रत्येक घासण्याला ती बिचारी थांबून माझी वाट बघत होती!

दादा, मला एकदम गिरगावातला रस्ता आठवला. मी तांबड्याला पाणी पाजून आणतोय, तुम्ही मागून ओरडताय, "चप्पल फरफटत चालू नकोस, घोडं पाऊल ऐकतं!" मी रुसलो, तर दुसऱ्या दिवशी कॅनव्हासचे बूट आणून माझ्यापुढे ठेवलेत. मला वाटलं होतं, घासून चप्पल झिजते म्हणून तुम्ही ओरडलात.

मॅडमनी दोरी दुसऱ्या सइसाच्या हातात दिली. तो लांब टांगांचा भय्या, तरातरा निघाला, आणि घोडी त्याच्या बरोबरीने सरळ, सगळी पावलं सारखी, परत येताना तर दुडकीसुद्धा. तो लांबूनच ओरडला, "चाचा, घोडी एकदम फिट! अब आपको पट्टा बांधते हैं!" सगळे हसले, मीही हसलो, आणि घोडीच्या मानेला मिठी मारून तसाच उभा राहिलो. काखेत कळसा म्हणतात तो हाच. मालकांनी स्वतः दोन फेऱ्या बघितल्या आणि या वेळी माझ्याकडे बघून बोलले. घोडी आता मुलांच्या घोडेस्वारीच्या शाळेत जाणार आहे. जीव भांड्यात पडला, दादा. तांबड्यासाठी अडकलेला होता, तोही पडला असं वाटतं.

आता माझं. उजवा गुडघा बरेच महिने दुखतोय. लिफ्टमुळे घरात कुणाला कळलं नाही, आणि सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं, म्हणून मीही तोंड उघडलं नाही. आता मॅडमनीच सूनबाईला फोन करून सगळं फोडलं. नोकरी आहे, पण रोज सकाळी खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा व्यायाम करायचा, अशी अट. घोडीला गाजर मिळायचं, मला सूनबाईची नजर मिळते.

हे पत्र लगामाच्याच खिळ्याला अडकवणार होतो, पण तो खिळा चाळीबरोबर गेला. खणात ठेवतो. आणि एक, कुणाला सांगू नका: आज मी व्यायाम केला नाही, नुसतं "झाला" म्हणून सांगितलं. या वयात मला ओरडणारं असं कुणी उरलेलं नाही. तेवढ्यासाठी तरी लवकर उत्तर लिहा.