एकोणीस वेळा मेलेल्या इद्वलचे घर

मी, इद्वल प्रॉसर, वय एक्याऐंशी, धंदा नट, राहणार ब्लायनाय फेस्टिनिओग, वेल्स, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझी स्वतःची खात्री मात्र मंगळवारपासून डळमळली आहे.

कलम १. नाटकांचे पोशाख गावच्या नाट्यमंडळाला. सिनेमांत मी एकोणीस वेळा मेलो, म्हणून गाव मला 'मेलेला इद्वल' म्हणते. म्हणोत बापडे.

कलम २. दूधवाला ग्विलिम माझ्या सर्वांत गाजलेल्या नाटकाला पहिल्या रांगेत घोरला. त्याला काही नाही. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून साक्षीला तोच बरा.

कलम ३. राहते घर थोरली बहीण मेरेरिद हिला. कारण असे लिहिले होते: वडिलांनी मरताना माझा हात धरून सांगितले, "दगडाची खाण सोडून नाटकात गेलास, माफ केलं. घर ताईला दे." मंगळवारी हे तिला वाचून दाखवले. ती बटाटे सोलत होती.

"अरे, तू होतास कुठे तेव्हा? लंडनला. दुपारचा खेळ होता तुझा."

"ताई, त्यांचा ओला कोट आठवतो मला!"

"तो तुझ्या सिनेमातल्या बापाचा. बाबांकडे एकच कोट, रविवारी चॅपेलात प्रार्थनेला घालायचा. तो कधी भिजू दिला का त्यांनी?"

मी गोंधळलो, अजून गोंधळलेलाच आहे. चाळीस वर्षे ज्या माफीवर जगलो, ती कुणा लेखकाने लिहिलेली निघाली. बाबांनी माझे एकही नाटक पाहिले नव्हते. भीत भीत विचारले, मग ते खरे काय म्हणाले?

"घड्याळाकडे बघत होते. म्हणाले, 'साडेचार. सुटलं असेल नाटक. चहा मिळाला असेल ना पोराला?' मग डोळे मिटले."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? आपलाच प्रसंग सांगत बसायचास. सांगायचास छान, म्हणून ऐकायचे."

मी रडलो. हे रडणे कुठल्याही भूमिकेतले नव्हते, अशी माझी समजूत आहे.

सबब कलम ३ मधले कारण खोडले आहे. घर कायम. बाबांच्या घड्याळाला ताईने चावी देत राहावे.

ठिकाण: ब्लायनाय फेस्टिनिओग. दिनांक: १४ मार्च १९९८.
सही: इद्वल प्रॉसर
साक्षीदार: १. ग्विलिम पॅरी, दूधवाला (जागा होता). २. नेस्टा हम्फ्रीज, टपाल कचेरी.

मेरेरिदची सही कायद्याला चालत नाही. बाबांच्या खाटेपाशी मात्र ती एकटीच होती.