पीतज्वराची लस आणि आमचं शाकाहारी घराणं

शिवाजी पेठ, कोल्हापूर
गुरुवार, दुकान उघडण्याआधी

तीर्थरूप अक्कास धाकट्या चन्नूचा शरणु शरणार्थ.

(थोरल्या बहिणीला तीर्थस्वरूप लिहितात, हे मला माहीत आहे. पण आई गेल्यावर तू मला वाढवलंस, तेव्हा तीर्थरूप हेच बरोबर. चूक काढू नकोस.) तुझा गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं तेल कोमट करून लावतेस की तसंच थापतेस? दाजींना नमस्कार सांग आणि यंत्रमागाच्या शेडमधून आल्यावर लगेच गार पाणी पिऊ नका म्हणावं. इकडे सगळे खुशाल आहेत, एक मी सोडून. आणि मला झालेलं काहीच नाही, हीच खरी अडचण आहे. ती सांगण्यासाठीच हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच हसतेस.

आमची लेक शांभवी मार्गशीर्षात बाळंत होणार आणि जावई रुद्रेश यांनी माझी आणि दानम्माची, आम्हां नवरा-बायकोची नैरोबीची तिकिटं काढली, हे तुला ठाऊक आहेच. तिकडे जायचं तर पीतज्वराची लस लागते. पीतज्वर म्हणजे कावीळ नव्हे. (हे मी निम्म्या पेठेला समजावून सांगितलं, उरलेल्या निम्म्या पेठेनं दुकानावरून जाणं सोडलं.) हा ज्वर डासामुळे होतो आणि तो डास दिवसा चावतो, हिवतापाचा रात्री चावतो, म्हणजे आफ्रिकेत डासांच्या पाळ्या लावलेल्या आहेत, तुमच्या इचलकरंजीसारख्या. लशीचा दाखला नसेल तर परत येताना विमानतळावरूनच वेगळं नेऊन ठेवतात, आणि तो दाखला लस टोचल्यावर दहा दिवसांनी लागू होतो. तू म्हणशील, चन्नूला हे कुणी शिकवलं? कुणी नाही. वजनकाटे दुरुस्त करायला तरी कुणी शिकवलं होतं? पण आज बाजारातला निम्मा गूळ माझ्या काट्यावर तोलला जातो.

तर सवय व्हावी म्हणून मी घरात आधीपासूनच शिस्त लावली. उकळलेलं पाणी, कापलेली फळं बंद, हात साबणानं मनगटापर्यंत. दुकानात पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायमोजे आणि उघड्या अंगाला डासांचं मलम. समोरचा सायकलवाला केरबा भर रस्त्यात ओरडला, "चन्नाप्पा, आफ्रिकेचा डास पासपोर्ट काढून पेठेत आलाय व्हय रं?" मी दुसऱ्या हाताला मलम लावायला घेतलं. (दोन दिवसांनी त्यानंच हळूच येऊन मलम मागून नेलं. त्याच्या दुकानामागं गटार आहे.) दानम्मानं सगळं मुकाट्यानं केलं, फक्त मच्छरदाणीत बसून जेवायला नकार दिला.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नव्हती. ही लस कोंबडीच्या अंड्यात तयार करतात. मी वाचलं त्या दिवशी जेवलो नाही. तिला कळलं तर ती टोचून घेणार नाही, लेकीची पहिली खेप आणि आई इकडे, असं नको म्हणून गप्प राहिलो.

मग आम्ही लशीसाठी पुण्याला गेलो. रांगेत मी बऱ्याच जणांच्या शंका दूर केल्या. घानाला निघालेल्या एका मुलाला तर मी डॉक्टरच वाटलो. (मी खुलासा केला, पण सावकाश.) आत डॉक्टरीणबाई होत्या, शांभवीच्याच वयाच्या. त्यांनी सरळ विचारलं, "लस अंड्यात बनते, अंडं खाऊन कधी काही त्रास?" दानम्मा शेजारीच. मला वाटलं, आता ही उठून जाणार. घराण्याची लाज कुणीतरी राखायला हवी म्हणून मी ठणकावून सांगितलं, त्रास? अहो, नुसत्या वासानं अंगावर शहारे येतात, घसा आवळतो, ऑम्लेटचा गाडा दिसला तरी श्वास कोंडतो. बाईंचा चेहरा गंभीर झाला. श्वास कोंडतो? कधीपासून? मी म्हटलं, जन्मापासून, वडिलांचंही तसंच होतं! (आपल्या अप्पांना तू चांगली ओळखतेस. ते गाडा दिसला की तोंडावर उपरणं घ्यायचे.) बाईंनी ते सगळं लिहून घेतलं. मला वाटलं, आदरानं लिहितायत. लिहून झाल्यावर म्हणाल्या, तुम्हाला अंड्याची ॲलर्जी दिसते, तीही आनुवंशिक. ही लस मी देऊ शकत नाही, आधी तज्ज्ञांना दाखवा. मग मी तत्त्व, धर्म, संस्कार असं बरंच समजावलं, पण आपल्या घरच्या माणसांसारख्याच त्याही हट्टी. बरोबरच आहे म्हणा; मीही एकदा काट्यावर शिक्का मारला की मारला.

मग तोच प्रश्न दानम्माला. ती शांतपणे म्हणाली, "खाल्लीत की. शांभवीच्या वेळी रोज. काय सुदीक झालं न्हाई." आणि दंड पुढे केला.

अक्का, परतीच्या एसटीत मी साताऱ्यापर्यंत मनात हिशेब मांडत होतो. साताऱ्याला विचारलं, कुणी दिली? म्हणाली, "तुमच्या अक्कानीच. दुधात फेटून. अंगात रक्त नव्हतं, डॉक्टरनं सांगितलं हुतं. तुमी इचारलं न्हाई, आमी सांगितलं न्हाई." बाळंतपणाला तिला तुझ्याकडे ठेवलं होतं ते भरवशावर! पण मी रागावलेलो नाही. लेक साडेसात पौंडांची झाली होती आणि ते श्रेय मी आजवर मी पाठवलेल्या खजुराला देत होतो.

काल इथल्या ॲलर्जीच्या डॉक्टरांना भेटलो. त्यांनी विचारलं, अंडं कधी खाल्लंय? कधीच नाही. मग त्रास होतो हे कुणी सांगितलं? मी अप्पांचं उपरणं सांगितलं. (त्यांनी ते लिहून घेतलं नाही.) रात्री शांभवीचा फोन आला. आई येतेय ते बरंच आहे बाबा, म्हणाली, पण इथल्या डॉक्टरांना खोदून खोदून कोण विचारणार? तुम्ही बाहेर बसलेले असलात की मला आत भीती वाटणार नाही. बाकी ठीक.

तुझा आज्ञाधारक,
चन्नू

ता. क. — डॉक्टर म्हणाले, त्यांच्यासमोर एक उकडलेलं अंडं खायचं, तिथंच बसून राहायचं, काही झालं नाही तर ते चिठ्ठी देतील आणि मला लस मिळेल. अंडं घरून आणायचं. आमच्या घरात ते शिजणार नाही, गाड्यावर मी उभा राहणार नाही. तू मंगळवारी येशील का? (सोमवार नको, महादेवाचा वार.) पेठेत कुणी विचारलं तर गुडघा दाखवायला आलेय म्हण.

ता. क. दुसरा — किती वेळ उकडायचं ते मी वाचून ठेवलंय, पण राहू दे. तुला येतं.

ता. क. तिसरा — दानम्मानं हे वाचलं. म्हणते, दोन आणायला सांगा. तुम्हाला ठसका लागला तर डॉक्टर तीच ॲलर्जी समजतील, म्हणून कसं खायचं ते आधी मी खाऊन दाखवते. तर दोन आण. वर मिरपूड लागते म्हणे.