विरघळलेला अ

४ जानेवारी

एका ‘अ’वरून आज संपादकांशी वाजलं!

इथल्या मठाच्या मूळ स्वामींच्या निधनाची शताब्दी या महिनाअखेरीस. आमच्या वर्तमानपत्राची खास पुरवणी, आणि मुख्य लेख मी लिहायचा — कारण कचेरीत संस्कृत शिकलेला मी एकटाच. एरवी ही विद्या संपादकांच्या भाषणात सुभाषितं पेरण्यापुरतीच कामाला येते.

स्वामींनी आयुष्यात एक ओळ लिहिली नाही. बोलले, ते शिष्यांनी उतरवून घेतलं. जाताना दोनच शब्द बोलले : वंशो मान्यः. घराण्याला मान द्या. स्वामी ब्रह्मचारी, पण पुतण्या होता, आणि पुतण्याला घराणं व्हायला वेळ लागला नाही. त्या दोन शब्दांच्या जोरावर मठाची गादी आजवर बापाकडून मुलाकडे चालत आली.

मी म्हटलं, हे ‘वंशोऽमान्यः’ आहे. वंशः अमान्यः. घराणं मानू नका! मधला ‘अ’ संधीत विरघळला. त्याची खूण म्हणजे तो ऽ — अवग्रह — लिहिणाऱ्याने घातला नाही. जुने लोक घालतच असत असं नाही.

“म्हणजे शंभर वर्षं सगळे उलटं वाचत होते, आणि ते तुम्हाला आत्ता कळलं?”

“हो.”

“पुरवणीचा खर्च मठ करतोय, हेही कळलंय ना?”

तेही कळलंय.

६ जानेवारी

मठाच्या शास्त्र्याला गाठलं. माझा वर्गबंधू — पाठांतरात पहिला, अर्थ लावण्यात शेवटचा.

“अरे, उच्चार दोन्हींचा एकच. स्वामी काय म्हणाले ते ऐकायला तू होतास का?”

“नाही. तू?”

त्याने चहा मागवला.

त्याचं म्हणणं खोटं नाही, हीच पंचाईत. व्याकरण दोन्ही बाजूंनी साक्ष देतंय, भाडोत्री साक्षीदारासारखं. मग माणसाकडे, स्वामींकडे बघावं. ज्याच्या बापाची दुसरीकडे मोठी गादी होती आणि जो ती विशीतच सोडून अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडला. ‘आपण कोणाचे?’ असं विचारलं तर ‘ज्याला शिकायचंय त्याचा’ म्हणायचा. सगळ्यांत आत्मा एकच, असं नुसतं न सांगता भांडी घासणाऱ्या बाईला पुढे बसवून उपनिषद शिकवायचा. तो मरताना पुतण्याची सोय लावून जाईल?

जाईलही, म्हणा. मरताना माणसं घाबरतात. पण मग त्याची शताब्दी कशाला करायची?

९ जानेवारी

ताईकडे गेलो. माझी थोरली बहीण मठाच्या पाठशाळेत व्याकरण शिकवते. तिथल्याच एका खोलीत राहते. काळे केस घेऊन गेली होती, आता एकही काळा नाही. खोलीत एक पलंग, एक फळा, बाकी पुस्तकं.

बातमी तिनेच दिली. शताब्दीच्या दिवशी मठाचे आत्ताचे महाराज निवृत्त होणार, गादीवर त्यांचा मुलगा — धाकटे महाराज — बसणार. आणि धाकट्यांचा पहिला संकल्प ठरलाय — पाठशाळा पाडून अतिथिगृह!

“कशासाठी?”

“पाहुणे राहावेत म्हणून. शिकणारे काय, कुठेही राहतील म्हणे.”

“ताई, खरं तर ही गादी शिकवणाऱ्याची, म्हणजे तुझी आहे.”

“काय करू तिचं? उसवायची आणि कापूस उशीत भरायचा? मला वर्ग पाहिजे, शहाण्या. वर्ग!”

मी म्हटलं, लेख छापला तर तुझी खोली आधी जाईल. ती फळा पुसत होती. मागे न वळताच म्हणाली, “छाप.”

१५ जानेवारी

लेख दिला. सोबत राजीनामाही जोडला. चिठ्ठी लिहिली : ‘अवग्रह काढणार असाल, तर लेखाऐवजी हा छापावा.’

बायको म्हणाली, “अहो, एका वाकड्या रेघेसाठी?”

“घराणं मानायचं की नाही, हे त्या रेघेवर आहे.”

“मग तुमच्या आईला सांगा ना, घराणं मानू नका म्हणून. मी कधीची सांगतेय!”

या बाईपुढे अद्वैत टिकत नाही.

१६ जानेवारी

संपादकांनी लेख स्वीकारला! माणूस वाटतो तितका वाईट नाही.

२४ जानेवारी

पुरवणी आली. डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतंय!

छपाईच्या नव्या टंकात ऽ नाही. जिथे जिथे होता, तिथे तिथे यंत्राने गिळला, नुसती मोकळी जागा उरली. लेखातलं मुख्य वाक्य असं छापलंय : “येथे ‘वंशो मान्यः’ असे वाचू नये; ‘वंशो मान्यः’ असे वाचावे.”

खाली सगळं सविस्तर समजावलंय. पण खालचं कोण वाचतं? जो तो त्या ओळीपाशी हसून थांबला.

संपादक म्हणाले, “मी कुठे काढला? यंत्राने काढला. राजीनाम्याची अट लागू होत नाही.” शुद्धिपत्र? शताब्दीनंतर बघू.

शास्त्र्याचा फोन : “अभिनंदन! शेवटी आमचंच मान्य केलंस.”

२५ जानेवारी

हरलो, असं मी म्हणणार नाही. संपादकांच्या टेबलावर रोज एक शुद्धिपत्र ठेवणार. हाताने लिहिलेलं. टंक नाही म्हणे! बोटं आहेत ना.

२८ जानेवारी

ताई शताब्दीला स्वामींचे शब्द म्हणणार आहे! महाराजांनीच बोलावलंय. आवाज तिचाच चांगला, आणि भावाच्या लेखाला बहिणीच्या तोंडून उत्तर.

धावत गेलो. “तू म्हणणार? ताई, म्हटल्यावर फरक ऐकूच येत नाही! तू ऽ मनात धरशील, लोक ‘मान्यः’ ऐकतील, आणि ते पोर गादीवर चढेल!”

“म्हणणार. स्वामींचे शब्द आहेत.”

“खोलीसाठी?”

विचारायला नको होतं. ती वर्गाकडे निघाली. मीही निघालो. रस्ताभर स्वतःशी भांडत आलो, आणि दोन्ही बाजूंनी मीच चुकत होतो.

३१ जानेवारी

लिहितो. जसं घडलं तसं.

मंडप गच्च भरलेला. पहिल्या रांगेत संपादक. गादीपाशी धाकटे उभे — चेहरा दंतवैद्याकडे बसल्यासारखा. ताई उठली, माईक जरा खाली ओढला. तिने शब्द म्हटले, पण स्वामींच्या जिभेवर जुळले होते तसे नव्हे. तिने संधी सोडवला! पहिल्या वर्षाच्या मुलांना फोड करून दाखवतात तसा.

“वंशः,” ती म्हणाली. थांबली. सगळा मंडप थांबला. मग स्वच्छ, उघडा, तोंड भरून — “अमान्यः.”

पाठीमागच्या रांगेतून तिचे विद्यार्थी हसले. आधी एक, मग सगळे. शास्त्री खाली बघू लागला. या वेळी अर्थ त्यालाही लागला होता. महाराज ओरडले, “बंद करा!” कुणीतरी माईकची वायर ओढली. तरी ताईने पुन्हा म्हटलं. तेवढ्या आवाजाला वायर लागत नाही.

आणि मी तिला खोलीचं विचारलं होतं!

संध्याकाळी तिची पुस्तकं मठाच्या फाटकाबाहेर होती. मी आणि बायकोने मिळून उचलून आणली. बायको वाटेत एवढंच म्हणाली, “पुढची खोली रिकामी करूया. फळा मावेल.”

१ फेब्रुवारी

सकाळी दार वाजलं. धाकटे. एकटे, साध्या कपड्यांत. गादीवर बसलेच नव्हते. ताईला म्हणाले, “काल तुम्ही काय म्हणालात, ते मला कळलं नाही. कुणी सांगेना.”

ताईने खडू उचलला. “बस. खाली.”