विनिफ्रेडची फांदी

डॉर्सेट, रविवार

प्रिय वॉल्टर,

गुडघा कसा आहे? मी मजेत. आमची चर्चच्या मंडळींची सहल आज त्याच हवेलीत गेली, जिथे लग्नाआधी तू माळी होतास.

भिंतीलगत एक फिकट गुलाब दिसला. म्हातारा माळी कौतुकानं म्हणाला, "बाई, हा वाण आमच्या वॉल्टरनं तयार केला. नावही त्यानंच ठेवलं, विनिफ्रेड."

चाळीस वर्षांत माझं नाव तू साध्या भोपळ्यालाही दिलं नाहीस! म्हणे गुडघा दुखतो म्हणून येत नाही. आता कळलं, दुखतंय कुठे ते. आणि मेलीला वास काय सुंदर!

तिची एक फांदी ओल्या रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलीय. आपल्या दारात लावू. छाटणी मात्र दरवर्षी मीच करणार.

वेळेवर जेव.

अजून तरी तुझीच,
मेबल