माळ्यावरची विजेची शेगडी

लिहून ठेवणार मी, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा पूर्वी खानावळ, आता बसून खाणे. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कुणाच्या दाबाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण ते माझंच आहे हे मुलगा ओळखेल. डोकं ठिकाणावर आहे. डोळे, कान आणि उरलेले सात दात कामाला येतात. नाकाचं पुढे लिहिते.

१. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मोरी, हे खानावळीच्या कमाईतून घेतलेलं असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते माझ्या पश्चात संपूर्णपणे सुनेचं. मुलाने तिथे राहावं की नाही हे तिने ठरवायचं. मुलगा हे वाचून उभा राहील. पुढचं वाचून खाली बसेल.

२. खानावळीतली मोठी पातेली आणि झारे नणंदेला. चाळीस वर्षं दर भेटीत ती सांगत आली, "वहिनी, तुझ्या पातेल्यांवर माझा डोळा नाही हं." आता घेऊन जा म्हणावं, आणि घासूनही घे.

३. माळ्यावरच्या खोक्यात विजेची शेगडी आहे. ती सुनेने शिवणकाम करून आणली होती. मी म्हटलं, "जाळ दिसत नाही तो कसला स्वयंपाक? आणि लाईट गेली की काय उपाशी बसायचं?" सून म्हणाली, "आई, तुमचं वय झालं, जाळापाशी मला तुमची भीती वाटते." मी म्हटलं, "वय तुझ्या आईचं झालं असेल." मुलाने तिलाच झापलं, "जिने रोज शंभर माणसं जेवू घातली, तिला तू शिकवणार?" शेगडी माळ्यावर गेली, गॅस राहिला.

४. आता नाक. खानावळीत माझं नाक गाजलेलं होतं. दूध नासायच्या आधी मला कळायचं. सिलिंडरची नळी जरा झिरपली तरी मी रस्त्यावरून ओरडायचे. दोन वर्षांपूर्वी या स्वयंपाकघरात आग लागली, ते नाक त्या आगीच्या नऊ महिने आधीच गेलं होतं. तापातून उठले, दुधाकडे पाठ करून भाजी निवडत होते, डोळे चुरचुरले म्हणून वळले तर पातेलं काळंठिक्कर. गुपचूप नाक-कानाच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "आजी, हे परत येणार नाही. गॅस असेल तर आजच घरी सांगा." मी हो म्हटलं आणि त्यांचा कागद डाळीच्या डब्यात तळाशी घातला. नाक नसलेल्या स्वयंपाकिणीला कोपऱ्यात बसवतात. तो कागद सोबत जोडला आहे. त्यावरची तारीख मोठ्याने वाचावी.

५. आगीच्या दिवशी सकाळी गॅसचं बटण मी फिरवलं. लायटर पेटेना, म्हणून काडेपेटी शोधत राहिले; बटण तसंच उघडं. काडी हातात घेतली तेवढ्यात सून दारातून किंचाळली, "आई, ओढू नका! वास येतोय!" मला तर कसलाच वास नव्हता. वाटलं, शेगडी माळ्यावरून उतरवायला हिने नाटक मांडलंय. तिच्याकडे बघत बघत काडी ओढली.

माझे कपडे पेटले ते तिने उघड्या हातांनी विझवले. मुलगा धावत आला तेव्हा मी म्हणाले, "हिनेच बटण उघडं टाकलं." दवाखान्यात तिने खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "आणि आईच्या नाकाला कळलं नाही? खोटं तरी नीट बोल." गल्लीनेही तेच धरलं. मीही हो म्हणून मान हलवली.

तिची बोटं आता मिटत नाहीत. शिलाईचं मशीन गेलं. दोन वर्षं मुलगा तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही, चारचौघांत "घर जाळणारी" म्हणतो. स्वयंपाकाला बाई येते आणि मी ओट्याशी खुर्ची टाकून तिच्यावर हुकूम सोडते. एवढ्या खुर्चीसाठी हे सगळं.

६. म्हणून गॅसची शेगडी भंगारात द्यावी, सिलिंडर परत करावा, खोक्यातली शेगडी ओट्यावर यावी. वायरमनने जाड वायर ओढून दिली आहे. घरात मी ती फ्रीजसाठी म्हणून सांगितली. त्याने खोकं उघडून शेगडी तपासली. तिचं बटण पिळावं लागत नाही, नुसतं बोट टेकवलं की पुरतं. न मिटणारंही चालतं. हे मला आत्ता कळलं, तेव्हा मी खोकं उघडूही दिलं नव्हतं.

७. हा कागद मुलाने स्वयंपाकघरात उभं राहून, रस्त्याकडचं दार सताड उघडं ठेवून, गल्लीला ऐकू जाईल असा पुन्हा मोठ्याने वाचावा. मला ताट वाढणं बंद होईल या भीतीने मी जिवंतपणी बोलले नाही. दुसरं चांगलंसं कारण शोधू नये. सुनेकडे मी माफी मागत नाही, कारण मागितली तर ती देईल.

आत्ता ती स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन गेली. "आई, काय लिहिताय?"

"किराणा," म्हटलं.

"डाळ लिहा, संपत आलीये." आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच बोलली आणि गेली.

सही: खानावळवाली
साक्षीदार १: वायरमन, वायर ओढायला आलेला
साक्षीदार २: नर्स, माझा रक्तदाब बघायला आलेली
दोघांनी माझ्यासमोर आणि मी दोघांसमोर सही केली.
दिनांक: ९ फेब्रुवारी, सकाळी अकरा
स्थळ: स्वयंपाकघर